मुख्य चालक

बांबूने जीप घेतली तेव्हा त्याचा बाप हसला, आणि एकटा नाही हसला. गॅरेजमध्ये होती नव्हती ती सगळी गिऱ्हाइकं त्याने गोळा केली आणि मग हसला.

बापाला सगळे उस्ताद म्हणत. माणूस बुटका, पण आवाज असा की लिफ्टवर चढवलेली गाडी थरथरावी. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगायचा. हात खरंच सोन्याचा होता, जिभेला मात्र हाड नव्हतं. मुलगा मिशी फुटायच्या आतच त्याच्या डोक्यावरून वर गेला, हे उस्तादांनी कधी माफ केलं नाही. बांबू हे नावही त्यांनीच ठेवलेलं. "वाढला नुसता, आत पोकळ," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मुलगा तिथेच पाना हातात धरून उभा असे. त्याला एवढंच हवं होतं की बापाने एकदा, चुकून का होईना, "बरं जमलं" म्हणावं. त्यासाठी तो शाळा सोडल्यापासून गॅरेजमध्ये राबत होता.

जीप गुरांच्या डॉक्टरची होती. डॉक्टर तिच्यातून डोंगरावरच्या गोठ्यांवर जात, निवृत्त झाल्यावर त्यांनी ती मागच्या अंगणात लावली आणि विसरले. सीटखाली उंदरांनी संसार थाटलेला. पण चारही चाकांना जोर देणारा तिचा गिअरबॉक्स शाबूत होता. बांबूने आपली सगळी शिल्लक डॉक्टरांच्या हातावर ठेवली आणि जीप दोराने ओढत आणली.

"आणलं का प्रेत?" उस्ताद म्हणाले. "खांदा द्यायला माणसं बोलावू?"

गिऱ्हाइकं हसली. बांबूही हसला, कारण न हसणाऱ्याची दुप्पट खेचली जायची हे त्याला ठाऊक होतं.

पुढे रोज संध्याकाळी गॅरेज आवरलं की तो जीपखाली शिरे. गिअरबॉक्स खोलला, धुतला, परत जोडला. ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. गंजका पत्रा कापून तिथे नवा जोडला, तोही असा की सांधा बोटालाही लागू नये. उस्ताद येता-जाता एक डोळा टाकत आणि नाक मुरडून पुढे जात. एकदा मात्र ते थांबले, जोडलेल्या सांध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. बांबूने श्वास रोखला. उस्तादांनी अंगठा पँटला पुसला आणि जेवायला निघून गेले.

जीप एका झटक्यात सुरू झाली, त्या दिवशी बापाचं मत असं पडलं, "चालायला काय, प्रेशर कुकरही शिट्टी मारतो."

मग विम्याचं आलं. विम्याच्या बाई गॅरेजच्या जुन्या ओळखीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या. त्यांनी बांबूचं वय विचारलं, गाडीचं वय विचारलं आणि उसासा सोडला.

"चालवणारा कोवळा, गाडी म्हातारी, त्यातून डोंगरावर जाणारी. कंपनी हप्ता असा सांगेल की तेवढ्यात दुसरी जीप येईल. त्यापेक्षा असं कर ना, मुख्य चालक म्हणून वडिलांना दाखव. त्यांच्या नावावर आजवर एक ओरखडा नाही. तू अधूनमधून चालवतोस म्हण."

"पण चालवणार तर मीच," बांबू म्हणाला.

"ते मला ऐकूच आलं नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

उस्ताद लगेच तयार झाले. पोराच्या गाडीचा मुख्य चालक व्हायचं आणि वर उपकारही करायचे, असा योग त्यांनी सोडला असता तर ते उस्ताद कसले! सही करताना त्यांनी दोन गिऱ्हाइकांना जवळ बोलावलं. "बघा, गाडी याची आणि लायकी माझी." खरं तर ती सीट मागे सरकवलेली असली की त्यांचा पाय क्लचपर्यंत पोचतही नव्हता. हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. डोंगरातल्या वस्तीवरचे पंप बिघडले की बांबू जीप घेऊन जाई. अपघात झाला तो अशाच एका परतीच्या वेळी, भरदुपारी. रस्ता कच्चा, उतार तीव्र, सगळीकडे सुटी खडी. वळणावर समोरून दुधाचा टँकर आला, अर्धा रस्ता अडवून. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला बांध, आणि बांधाखाली रोपवाटिकेचं काचघर.

अशा खडीवर ब्रेक दाबला की चाकं जागीच अडकतात, गाडी आडवी घसरते आणि मग लोळते. भीतीने पाय मात्र ब्रेकवरच जातो, तो आवरणारे फार थोडे. बांबूने आवरला. जीप सगळ्यात खालच्या गिअरमध्ये होती, त्याने इंजिनालाच तिला धरू दिलं, चाकं सरळ ठेवली आणि बांधावरून नाकासमोर उतरवली. टँकर वाचला, टँकरवाला वाचला, बांबूला खरचटलंही नाही. काचघर मात्र आडवं झालं. आत कुणी नव्हतं, पण वाटिकेच्या मालकाचं वर्षभराचं पीक काचांखाली गेलं होतं.

मालक संतापाने लाल होऊन गॅरेजात आला. भरपाई विमा देणार म्हटल्यावर जरा निवला. विम्याने दिली नाही तर काय, हे त्याने विचारलं नाही, पण घरात सगळ्यांना कळत होतं. विकण्यासारखं होतं काय? गॅरेजची लिफ्ट आणि ती जीप.

त्या संध्याकाळी जेवताना उस्ताद म्हणाले, "चालवत मी होतो. टँकरवाल्याला मी गाठलाय, बांबूनं जीव वाचवला म्हणतो, तो तोंड उघडणार नाही. आता सांग, मी काय काय केलं?"

बांबूने सांगितलं. ब्रेकला पाय का नाही लावला, गिअर कोणता होता, स्टीअरिंग किती सैल धरलं होतं, सगळं. उस्ताद घास थांबवून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाप त्याचं बोलणं मधे न तोडता ऐकत होता, आणि बांबूला अपघाताचंही दुःख वाटेना.

"एवढी अक्कल तुला?" उस्ताद शेवटी म्हणाले. "नशीब असेल."

"जेवू दे की त्याला," आई म्हणाली. त्या घरात तिचा विरोध एवढाच असायचा.

विमा कंपनीचा तपासनीस आला त्या सकाळी बांबूने आठवणीने जीपची सीट पुढे सरकवली, बापाच्या उंचीला येईल अशी. तपासनीस उतारवयाचा, सावकाश माणूस. आधी बांधावर जाऊन आला होता, बुटांना माती होती. त्याने जीप वाकून पाहिली, खालून पाहिली. सीटवर बसला, गुडघे स्टीअरिंगला टेकले तसा गालात हसला, पण बोलला नाही. मग उस्तादांना म्हणाला, "सांगा, कसं झालं?"

उस्तादांनी सांगितलं, आणि काय सांगितलं! बांबूचेच शब्द, बांबूचाच क्रम, वर हातवारे आपले. "पाय म्हणतो दाब, मी म्हणतो मुळीच नाही. इंजिनाला म्हटलं, बाबा रे, आता तूच धर."

तपासनीसाने मान डोलावली. "मी चाकांच्या खुणा पाहिल्यात. अशी उतरवलेली गाडी मी आजवर पाहिली नाही. दुसरा कुणी असता तर काचघरासकट जीव गेला असता. चालवणाऱ्याला सलाम आहे माझा."

"हात आहे शेवटी," उस्ताद आपल्याच पंज्याकडे बघत म्हणाले.

बांबू तिथेच, टायरांच्या चळतीजवळ उभा होता. ज्या शब्दांसाठी त्याने जन्म घालवला ते शब्द त्याच्या डोळ्यांदेखत आले आणि बापाच्या खिशात गेले. तरीही त्याने मूग गिळले. लिफ्ट वाचवायची होती. तपासनीसाने अर्ध्याहून जास्त अर्ज लिहून काढला होता. आता फक्त सही उरली होती, आणि उस्तादांनी तेवढ्यापुरतं तोंड बंद ठेवायचं होतं.

"मुलालाही शिकवलंत का हे?" तपासनीसाने नुसतं बोलायचं म्हणून विचारलं.

"याला?" उस्ताद खदखदून हसले. समोर माणूस होता आणि मुलगा ऐकत होता, मग त्यांना राहवतंय कुठलं. "हा असता ना त्या दिवशी, तर आज आपण याचे तुकडे वेचत असतो. हातगाडी देत नाही मी याच्या हातात! आत पोकळ आहे हो, बांबू नुसता."

"मी चालवत होतो," बांबू म्हणाला.

"गंमत करतोय," उस्ताद म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीच चालवत होतो. रोज मीच चालवतो. यांचा पाय क्लचला पोचत नाही, सीट मी सकाळी पुढे घेतली. ब्रेकला पाय मी लावला नाही. मी!"

तपासनीसाने पेनाला टोपण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "मला कळलं होतं रे," तो म्हणाला. "बसलो तेव्हाच कळलं, सीटच्या रुळावर मागची खाच घासून चकाकतेय, पुढची गंजलेली. काचघरवाल्याचं भलं होईल म्हणून मी कानाडोळा करत होतो. आता ऐकल्यावर मला ऐकलं नाही असं म्हणता येत नाही. कशाला बोललास?"

खरं उत्तर इतकं लहान मुलासारखं होतं की बांबूला त्याची लाज वाटली.

कंपनीने हात वर केले आणि उस्तादांच्या कोऱ्या नावावर लबाडीचा शिक्का बसला. विम्याच्या बाईंना कुणी विचारलं तर त्यांना काही आठवत नव्हतं. लिफ्ट गेली. तिच्या जागी फरशीवर चार भोकं राहिली आणि आता बाप-लेक पाठीवर झोपून गाड्यांखाली सरकू लागले. उस्ताद मुलाशी बोलत नव्हते. पाना हवा असला तर हात पुढे करत, एवढंच. त्या मौनापेक्षा शिव्या बऱ्या होत्या, असं बांबूला वाटू लागलं.

लिफ्टनेही भागेना तेव्हा जीपही विकायला काढली. पुढचा भाग बांबूने स्वतःच ठोकून सरळ केला. दगडखाणीचा ठेकेदार बघायला आला तेव्हा बांबू शेजारच्या गाडीखाली पडून तेल काढत होता. त्याला तिथून फक्त पाय दिसत होते, ठेकेदाराचे बूट आणि बापाच्या चपला.

"जुनी आहे फार," बूट म्हणाले.

"जुनी? बोल्ट अन् बोल्ट माझ्या पोरानं बसवलाय," बापाचा आवाज आला. "हा सांधा बघा. हात फिरवा, लागतो का बोटाला? माझ्यानं नाही होणार असा, उस्ताद म्हणतात मला, तरी सांगतो. असा हात देव एखाद्यालाच देतो. आणि त्या उतारावरून कुणी काढली ठाऊक आहे? त्यानंच. ब्रेकला पाय न लावता. बाप म्हणून सांगतो, ऊर भरून आला माझा."

गाडीखाली तेल बांबूच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याने पुसलं नाही. त्याचे डोळे भरले होते आणि छातीत इतकं सुख दाटलं होतं की लिफ्ट गेली, जीप गेली, सगळं स्वस्तात पडलं असं त्याला वाटलं.

ठेकेदार जीप घेऊन गेला. बांबू बाहेर सरकला. उस्ताद नोटा खिशात घालून कपाळावरचा घाम पुसत होते.

"बाबा," तो म्हणाला. "मगाशी म्हणालात ते..."

"काय?"

"हाताचं. देव एखाद्यालाच देतो ते."

उस्तादांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. किती दिवसांनी ते त्याच्याकडे सरळ बघत होते. आणि मग ते हसले, पहिल्यासारखेच, गॅरेज दणाणून.

"गिऱ्हाईक फसलं ते ठीक आहे रे," ते म्हणाले. "तूही फसलास?"

मग त्यांचं लक्ष फरशीकडे गेलं. तिथे तेलाचं थारोळं झालं होतं. "भुसा टाक त्यावर," ते म्हणाले, "कुणी घसरून पडेल." बांबू कोपऱ्यातला भुशाचा डबा आणायला गेला.