सातातून चार वजा होत नाहीत

भिंगरी तिसऱ्यांदा तेच समजावत होती आणि काका तिसऱ्यांदा मान डोलावत होते. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

"हे बघ, मागच्या वेळी आपले साहेब सात टक्क्यांनी निवडून आले," काका म्हणाले. "आता वारं फिरलंय, चार टक्के मतं आपल्याकडून त्यांच्याकडे सरकतायत, असं सगळे पेपर छापतायत. सातातून चार गेले, उरले तीन. तिसरीतल्या पोराला विचार!"

"तिसरीतलं पोर हेच चुकेल, म्हणून तर मी अकरावीतली आलेय ना!"

काका म्हणजे खासदार साहेबांच्या कार्यालयाचे व्यवस्थापक. हे कार्यालय पूर्वी लाँड्री होतं. कपडे टांगायचा लांबलचक रॉड अजून छताला होता आणि त्याच्यावर आता साहेबांचे हसरे फलक लटकत होते. फलकांच्या खाली, खिडकीजवळच्या टेबलावर भिंगरीची आई बसायची. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाला हॉस्पिटलमध्ये तारीख मिळत नाही, त्या सगळ्यांची पत्रं लिहायची. साहेब पडले की कार्यालय बंद, आणि कार्यालय बंद की आईची नोकरी गेली. इतकं सरळ होतं सगळं.

आणि वाचनालयात पक्की नोकरी आईची वाट बघत होती! शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो म्हणायचं, बस्स. आज गुरुवार होता. आई मात्र "बघू" म्हणत होती. चार दिवस नुसतं बघू, बघू. भिंगरीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

म्हणून तिने ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर साहेबांच्या सत्ताधारी पक्षाच्या सगळ्या जागा मागच्या विजयाच्या फरकानुसार लिहून काढल्या होत्या. सगळ्यात कमी फरकाची जागा वर, सगळ्यात भक्कम खाली. कौल सगळीकडे सारखाच फिरला असं धरायचं आणि रेघ मारायची. रेघेच्या वरच्या जागा पडणार. त्या एकोणीस होत्या आणि चौदावी साहेबांचीच.

"रेघ आठावर का मारलीस?" काकांनी विचारलं. "मतं तर चारच टक्के सरकतायत ना?"

भिंगरीने डोळे मिटले, श्वास घेतला आणि बिस्किटांची बशी ओढली.

"माझी दहा, तुमची सहा. फरक किती?"

"चार."

"त्यातली दोन मी तुम्हाला दिली. आता?"

"आठ आणि आठ."

"दोनच सरकली, पण चारचा फरक मिटला! कारण जे मत जातं ते इथे कमी होतं आणि तिथे वाढतं. सातचा फरक मोडायला साडेतीनच पुरतात. चार सरकले तर आपण उलट एका टक्क्याने पडतो."

काकांनी आपल्या आठातलं एक बिस्कीट उचलून तोंडात टाकलं. "आता तू जिंकलीस," ते म्हणाले.

अरे देवा!

पण खिडकीजवळचा टाइपिंगचा आवाज थांबला होता. आई उठून आली आणि कागदावर वाकली. भिंगरीच्या मनात फटाके फुटायला लागले. कळलं! कुणाला तरी कळलं! आता आई फोन उचलणार आणि वाचनालयाला हो म्हणणार.

"शेजारच्या मतदारसंघातले आपले मंत्री कुठे आहेत यात?" आईने विचारलं.

"रेघेच्या खाली. नऊचा फरक. थोडक्यात वाचतील ते."

"आणि आपण सुरक्षित आहोत म्हणून आपली चाळीस माणसं रोज त्यांच्याकडे प्रचाराला धाडतोय," आई म्हणाली. मग खरंच तिने फोन उचलला. "हां, मी बोलतेय. उद्यापासून कुणी पलीकडे जायचं नाही. सगळ्यांनी इथेच. हो, सगळ्यांनी."

"अहो ताई, मंत्र्यांना मी काय सांगू?" काका उभेच राहिले.

"सांगा, माणसं आजारी आहेत."

"चाळीसच्या चाळीस?"

"साथ आलीय."

शुक्रवारी पावणेबाराला आईने वाचनालयाला 'नको' म्हणून कळवलं.

"आई! मी हे सगळं तू इथून बाहेर पडावंस म्हणून केलं होतं!"

"ते आधी सांगायचंस. मला वाटलं, जिंकायला अजून किती मतं लागतात ते दाखवतेयस," आई म्हणाली आणि प्रचारपत्रकांची पिशवी भिंगरीच्या खांद्याला अडकवली. "चौथा मजला राहिलाय. लिफ्ट बंद आहे."

नऊ दिवस भिंगरी जिने चढली. रागाने चढली, पाय आपटत चढली, पण एकही दार सोडलं नाही. शेवटी आईची नोकरी होती ना ती!

मतमोजणीच्या दिवशी दुपारी कार्यालयात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. देशभर कौल फिरला तो बरोबर चार टक्के. आणि साहेब जिंकले! दोनशे एकतीस मतांनी!

भिंगरी आईच्या गळ्यात पडली, उड्या मारून झाल्या, डोळे पुसून झाले. तेवढ्यात काका तो ड्रॉइंगचा कागद फडकवत खुर्चीवर चढले.

"चौदावी जागा आपली! गेली का? गेली का रे?" सगळे खो खो हसले. "अहो, हिच्या गणिताने आपण घरी बसणार होतो!"

"काका, मी एकोणीस म्हटलं होतं. मोजा! एकोणीसच गेल्या!"

"पण आपली गेली का?"

"नाही, पण..." भिंगरीने कागद हिसकावला आणि पडलेल्या जागांवर बोट फिरवत गेली. रेघेच्या वरच्या अठरा गेल्या होत्या. एकोणिसावी रेघेच्या खालची होती. शेजारचे मंत्री तीनशे मतांनी पडले होते.

"अय्या! काका, मंत्री कशामुळे पडले माहितीये का तुम्हाला..."

"भिंगरे," आई म्हणाली, "चहाचे कप घेऊन ये आतून. चल, मीही येते."

आत मोरीपाशी आईने नळ मोठा सोडला. "तू चुकलीस म्हणून सांग त्यांना."

"मी चुकले नाहीये!"

"माहितीये मला. म्हणूनच सांग. मंत्र्यांची माणसं उद्यापासून विचारत फिरतील, की यांची चाळीस जणं कुठे होती? काकांच्या अजून डोक्यात आलेलं नाही. त्यांना कळलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळेल, आणि मग साहेब राहतील, मी राहणार नाही."

"पण हे किती अन्यायाचं आहे, आई!"

"हो. कप घे."

भिंगरी बारा कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"चुकलं माझं गणित, काका."

"होतं गं बाळा," काकांनी तिच्या डोक्यावर मायेने थोपटलं. "रविवारी घरी येत जा. टक्केवारी मी शिकवीन तुला."

भिंगरीने ट्रे आणखी घट्ट धरला. दोन्ही हात मोकळे असते तर काय झालं असतं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.