माझी तपकिरी शीर

मी ग्रॅफाइटचा दगड बोलतोय. पेन्सिलीतलं काळं शिसं असतं ना, ते माझंच भावंड. माझ्या अंगातून मात्र एक तपकिरी शीर गेली आहे आणि तिच्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

ओडिशातल्या खाणीतून मी पनवेलच्या बाजारात आलो, बद्रुद्दीनचाचांच्या कुलपांच्या दुकानात. माझ्या भावंडांची पूड ते अडलेल्या कुलपांत फुंकायचे आणि किल्ली अलगद फिरायची. मला हातात घेऊन मात्र म्हणाले, "याच्यात लोखंड हाय. कुलूप गंजेल." झालं, सात वर्षं मी कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून काढली. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एक दिवस कॉलेजात संशोधन करणारी रुचिरा प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप घेऊन आली. मला पाहिलं आणि कुलूप विसरली. चाचा म्हणाले, "घेऊन जा बेटी, नुसता बसून हाय."

पाणी विजेने फोडून हायड्रोजन मिळवतात. वीज कमी लागावी म्हणून पाण्यात बुडवलेल्या पट्टीला महागड्या धातूंचा लेप देतात. ते काम तिला खाणीतल्या साध्या दगडाकडून करून घ्यायचं होतं. दोन वर्षांत एकही दगड पास झाला नव्हता. माझा कोपरा खरवडून तिने त्या पुडीचा लेप पट्टीला दिला आणि थोड्याशा विजेत बुडबुडे सुटले. ती काचेला नाक लावून बघत बसली. इतक्या मायेने मला कुणी पाहिलंच नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक कोमल मॅडम म्हणाल्या, "छान. आता सॅम्पल प्युरिफाय करून परत रीडिंग घे. शुक्रवारी कमिटीसमोर तेच दाखवू."

रुचिरा घरी मेथीसुद्धा चार पाण्यांतून काढणारी. तिने मला मधोमध फोडलं आणि एक अर्धा तुकडा तीन दिवस आम्लात धुतला. तो लखलखीत झाला, पण एक बुडबुडा येईल तर शपथ.

"पहिलं रीडिंगच चुकलं असणार," ती रडवेली होऊन म्हणाली. विषयच सोडायचं ठरवून दोन्ही तुकडे परत द्यायला दुकानात आली.

चाचांनी धुतलेला तुकडा उजेडात धरला. शिरेच्या जागी नुसती खाच होती. "लोखंड काढून टाकलंस, बेटी. मला ते नको होतं. तुला पण नको होतं काय?"

रुचिराने ती खाच पाहिली, माझी शीर पाहिली. मग न धुतलेला अर्धा, म्हणजे मला, ओढणीत गुंडाळून तशीच निघाली. हेल्मेट काउंटरवरच राहिलं.

आज गुरुवार. मी खलात बसलोय. शिरेवरून बोट फिरवत ती आत्ताच म्हणाली, "सॉरी हं, सगळाच लागणार आहेस."

लागू दे की. रुचिरा, तुझ्यावर माझा जीव आहे. उद्या कमिटीने विचारलं, हे असं मळकं का, तर मान खाली घालू नकोस. बत्ता उचल, आणि मग काचेला नाक लावून बस. मी आलोच.