भाऊजींची खुर्ची

माणसाने लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे तुलना. तुलना नसती तर शास्त्र नसतं, संस्कृती नसती, शेजारीही नसते. हे मी चहाच्या दुसऱ्या घोटाला जाहीर केलं. भाचीने लॅपटॉपवरून मान न उचलता, जरा हळू जाहीर करा, अशी विनंती केली. तिचा घात तुलनेनेच केला होता.

नोकरीतून सुटल्यावर ताईने, म्हणजे तिच्या आईने, गाणं शिकायला घेतलं होतं. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात ती पहिल्यांदाच चारचौघांत गाणार होती. आमंत्रितांची उत्तरं भाचीने डेटाबेसमध्ये भरली आणि क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न, लिहिली: ज्यांचं उत्तर ‘नाही’ नाही, त्या सर्वांना खुर्ची. पहिल्या रांगेत ताईला एकच माणूस हवा होता, तिचा नवरा. भाऊजींना शेवटच्या रांगेतही जागा मिळाली नव्हती.

कारण त्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. भाऊजींनी कशालाही हो किंवा नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं, तर ते पेपरचं पान उलटतात.

“पण गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे,” मी म्हणालो.

“हो म्हणणंही नव्हे ना, मामा. बाबांच्या उत्तराची जागा रिकामी आहे, यंत्राच्या भाषेत नल. म्हणजे काय आहे तेच ठाऊक नाही. त्याची ‘नाही’शी तुलना केली, तर निकालही ठाऊक नाही असाच येतो. आणि खात्री असल्याशिवाय यंत्र खुर्ची देत नाही.”

दारातून ताई म्हणाली, की या यंत्राचं लग्न झालेलं दिसतंय.

मग ज्यांचं उत्तर नलशी जुळतं, अशी माणसं भाचीने शोधली. एकही सापडेना. दोन गप्प माणसं सारखीच, हेसुद्धा यंत्र मानायला तयार नव्हतं. कोण कशापायी गप्प आहे, कुणी सांगावं? मला यंत्राबद्दल आदर वाटू लागला. अखेर तिने तुलनेचा नाद सोडला आणि सरळ विचारलं: उत्तर नल आहे का? पडद्यावर भाऊजी प्रकटले, पाठोपाठ गावभरचे मौनी. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या.

ताई मात्र खुर्चीवर समाधान मानणारी नव्हती. ती आतल्या खोलीत गेली. टोमणा नाही, आडवळण नाही.

“माझं गाणं ऐकायला याल का हो?”

पेपर खाली आला.

“रोज दाराआडून ऐकतो,” भाऊजी म्हणाले. “आज समोर बसेन.”

ताई लाजली. भाची डोळे पुसू लागली. मीसुद्धा काहीतरी थोर बोलणार, तेवढ्यात भाऊजी खाकरले.

“पंख्याखालची खुर्ची तेवढी नको.”