धक्क्यावरचा काळा डाग

मी एक जुनी लाकडी कोळंबी आहे. हसू नका, मित्रांनो! खरी कोळंबी दोन दिवसांत वास मारते. मी कित्येक वर्षं समुद्रात पोहते आहे.

जपानच्या गोतो बेटांवर तोराजी नावाच्या माणसाने मला हलक्या लाकडातून कोरलं, निखाऱ्यावर शेकलं आणि त्याच्या बायकोच्या, मित्सुएच्या, फाटक्या किमोनोची लाल चिंधी माझ्या अंगाला गुंडाळली. शेपटीला गळांचं कडं बसवलं. माकली, म्हणजे दहा हातांचा मऊ समुद्री जीव, मला खरी कोळंबी समजून झडप घालते; तिला धरायच्या गळांना उलटे काटे नसतात. दोर जरा ढिला पडला की माकली निसटलीच.

"माझा किमोनो माकलीला, मग मला काय?" मित्सुएने विचारलं होतं.

"तुला माकली!" तोराजी म्हणाला.

बंदराच्या धक्क्यावर माझं भारी कौतुक व्हायचं. माकली वर आली की शाईची चिळकांडी उडवते. ती सुकायच्या आत बादलीभर पाणी ओतून धक्का धुवायचा, ही आमच्याकडची रीत. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तोराजीने दीपस्तंभाच्या आडोशाला एक माकली काढली, बादली उचलली आणि तसाच खाली बसला. पुन्हा उठलाच नाही.

तो डाग तिथेच राहिला. सगळ्यांच्या मागे लागून धक्का धुऊन घेणारी मित्सुए त्या डागाला मात्र कुणाला हात लावू देईना. मी डब्यात पडून राहिले, माझे गळ गंजले.

वसंतात बंदराचा प्रमुख गोन्झो दारात आला. तोराजीचा जुना दोस्त. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, डाग बघून बाहेरचे लोक माकलीची जागा हेरतात, घाण करून जातात. गावचे पंच उद्या धक्का बघायला येणार. एक जरी डाग दिसला ना, तर धक्क्याच्या फाटकाला कायमचं कुलूप. मला नाही हो तो पुसवत."

"मग मला पुसवेल, असं वाटलं होय तुला?" मित्सुए कडाडली. पण सकाळी बादली आणि ब्रश घेऊन निघाली. जाताना मलाही उचललं.

"एकदाच," ती मला म्हणाली आणि तिने मला फेकलं.

काय सांगू, मित्रांनो! खाली हिरवा उजेड पसरला होता. समुद्री गवतातून एक माकली वर आली, काचेसारखी आरपार. मला पाहिलं आणि तिच्या अंगावरून तांबूस, सोनेरी, जांभळे रंग धावत गेले. तिचा तो मोठा डोळा! मी जन्मभर माकल्या पाहिल्या, तरी त्या डोळ्यापुढे माझं लाकूड शहारलं. मग तिने मला कवटाळलं.

मित्सुएने दोर ढिला पडू दिला नाही. माकली धक्क्यावर आली आणि फुस्स! सगळी शाई नेमकी त्या जुन्या डागावर.

"अगं बाई," मित्सुए पुटपुटली, "आता तुझी कुठली आणि ह्यांची कुठली?"

तिने बादली उचलली. मग पाणी ओतलं आणि घासत सुटली. काळे शिंतोडे तिच्या गालांवर उडाले. काळं पाणी ओघळत समुद्रात गेलं.

गोन्झो धापा टाकत आला. ओला, स्वच्छ धक्का बघून त्याचे डोळे भरले. "वहिनी, तोंडाला शाई लागलीय."

"लागू दे. धक्क्याला नाही ना?"

फाटक उघडंच राहिलं. मित्रांनो, जी जागा तुम्हाला काही देते, ती धुऊन निघा. आणि माझ्यासारख्या हत्यारांना गोड्या पाण्याने आंघोळ घाला. मित्सुएने घरी जाऊन आधी माझा गंज घासला.

स्वतःचं तोंड मात्र तिने संध्याकाळपर्यंत धुतलं नाही.