मला न दिसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. डेन्मार्कमधल्या एका गावाबाहेर अठरा घरांनी मिळून एकच मोठे स्वयंपाकघर बांधले. त्याच्या दारावर मी तीस वर्षे टांगलेली होते. माझ्यावर काय लिहिले आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. पाटीला स्वतःची अक्षरे दिसत नाहीत ना!

मी मूळची सफरचंदाच्या पेटीची फळी. त्या अठरा घरांपैकी एका घरातल्या थोराबाईंनी मला घासूनपुसून माझ्यावर निळ्या रंगाने एक शब्द रंगवला आणि त्या खो खो हसल्या. येणारेजाणारेही हसत. मला राहून राहून वाटे, एवढे काय आहे माझ्यात? कौतुक समजून मी फुशारून जाई.

आत रोज एकेका घराची पाळी. कधी पिवळ्या वाटाण्याचे सूप, कधी खिम्याचे गोळे. थोराबाई पुढे एकट्या पडल्या. पंगतीत बसल्या, तरच त्यांना दोन घास जात. माझाही रंग विटला, कोळ्याने कोपरा धरला. वर बघणे सगळ्यांनी सोडून दिले.

मग नवे धुराडे बसवायचे ठरले. परवानगीचा अर्ज गेला आणि तपासनीसबाई आल्या. दारातच थबकून त्यांनी वाचले, "खानावळ?"

अगबाई! मी खानावळ होते तर!

"म्हणजे इथे धंदा चालतो," त्या म्हणाल्या. "मग परवाना हवा, हात धुवायला वेगळं बेसिन हवं, आग अडवणारं दार हवं. तोवर चूल बंद."

त्या दिवशी एस्बेनची पाळी होती. तो डाव घेऊनच धावला. "अहो, चेष्टा आहे ती! थोरा, तुझ्या विनोदानं उपाशी मारलंस बघ!"

थोराबाईंचा चेहरा पडला. "चूल बंद? मग मी जेवू कुणाबरोबर?"

तपासनीसबाईंनी विचारले, "रांधतं कोण?"

"आज मी, उद्या शेजारीण," एस्बेन म्हणाला.

"बाहेरचं गिऱ्हाईक?"

"एकही नाही."

"आणि भांडी?"

"जो जेवतो तो घासतो."

बाई हसल्या. "खानावळीत गिऱ्हाईक भांडी घासत नाही. हे घरच आहे, नियमही घराचेच लागतील. बेसिन तेवढं बसवा. आणि ही खोटं बोलणारी पाटी काढा."

खोटे? मी? मला फार वाईट वाटले. थोराबाईंनी मला उतरवले, तेव्हा आता चुलीतच जाणार असे वाटले. पण त्यांनी मला उलटे केले, पाठीवर काहीतरी रंगवले आणि नव्या बेसिनवर टांगले.

हेही मला दिसत नाही. पण जो येतो, तो मला वाचतो आणि हात धुतो. त्यावरून मी ओळखले.

मित्रांनो, पाटीवर जपून लिहा, तिला बिचारीला वाचता येत नाही. आणि चला, हात धुऊन घ्या. थोराबाई ताट मांडून बसल्या आहेत.