खड्ड्यातून एकशे दहा

फळीवर

जमिनीवरचा वजनाचा बार वाकून उचलायचा आणि ताठ उभं राहायचं, त्यातल्या या प्रकाराचं खरं नाव डेफिसिट डेडलिफ्ट. मामाच्या व्यायामशाळेत सगळे त्याला 'खड्डा' म्हणत. पायांखाली चार बोटं जाड फळी. माणूस वर, बार तेवढाच खाली, उचलणं तेवढंच अवघड. आठ महिने मामा रोज म्हणायचा, "जा बाई, खड्ड्यात जा," आणि भाची निमूट जायची. सपाट जमिनीवरून त्याने तिला एकदाही उचलू दिलं नव्हतं. परवा फळीवरून एकशे दहा किलो उचलताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते.

एरवी ती वजनकाट्यावर बसे. ट्रक चढला, आकडा पाहिला, पावती फाडली. आकडा पटला नाही की ट्रक थांबव, पुन्हा चढव. म्हणून व्यायामशाळेत तिचं नाव काटेवाली.

जमिनीवर

अग्निशमन दलाच्या भरतीची शेवटची चाचणी. एकशे दहा किलो, संधी एकच, आणि परीक्षक 'खाली' म्हणेपर्यंत बार सोडायचा नाही. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. इथे फळी नव्हती. तिने बार पकडला, श्वास कोंडला, पाय रोवले आणि

पिंढरीशी

बार वर आला. आलाच. फळीपेक्षा सोपं जाईल हे तिला ठाऊक होतं, पण इतकं? भरलेली समजून रिकामी बादली उचलावी, तसा तिचा तोल

गुडघ्याशी

मागे गेला. वजन कमी लावलंय. पटत नाही. थांबव.

तिने बार खाली ठेवला.

पुन्हा जमिनीवर

"वजन चुकलंय," ती म्हणाली.

भिंतीशी बसलेल्या मामाने कपाळाला हात लावला. परीक्षक बाईंनी नियम सांगितला: सोडला तो सोडला, वजन खरंच चुकलं असेल तरच पुन्हा संधी. दोघा शिपायांनी बार आणि प्लेटा कोपऱ्यातल्या काट्याकडे नेल्या. मामा जवळ येऊन कुजबुजला, वजन बरोबर आहे गं, बळ तुझ्यात आलंय. मग जमिनीवरून इतकं हलकं जाईल हे आधी का नाही सांगितलंस, तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर रोज खड्ड्यात उतरली असतीस?"

काट्यावर

एकशे दहा. टिंबापुढे शून्य, शून्य.

तिला आकडा वाचता येत होता, समजत नव्हता.

बाईंनी तिच्या अर्जावरून नजर फिरवली. "तुम्ही काट्यावरच काम करता ना? हा आमचा जुना झालाय. चुकत असेल तर तसं सांगा, मी लिहून घेते."

मामाने हळूच मान डोलावली. सांग म्हणून.

ती वाकली. काट्याचा पाया सपाट होता, पातळीचा बुडबुडा मधोमध. तिने सगळं उतरवायला लावलं, शून्य आलं. पुन्हा ठेवायला लावलं, एकशे दहा. एवढं आपण उचललं होतं. कागदासारखं. आणि ठेवलंही आपणच.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या अर्जावर लिहिलं: वजन बरोबर, संधी संपली.