मागच्या व्हरांड्यातला बाक

मित्रांनो, मी लाल गम नावाच्या ऑस्ट्रेलियन निलगिरीच्या लाकडाचा एक जुना बाक आहे. विलोना गावच्या क्लेम पास्को नावाच्या सुताराने मला घडवले. गावकऱ्यांनी त्याच साली स्वतः दगड वाहून सहा खाटांचे रुग्णालय उभे केले होते. क्लेमला वाटले होते, मला दर्शनी दालनात जागा मिळेल. पण तिथे वेताच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या व्हरांड्यात झाली. नदीकाठच्या वस्तीतल्या मूळनिवासी लोकांनी तिथेच थांबायचे आणि त्यांच्या बायकांनी बाळंतही तिथेच व्हायचे, असा रुग्णालयाच्या समितीचा नियम होता. ताडपत्रीच्या पडद्याआड दोन खाटा होत्या. नियमाची नोटीस माझ्या वरच्या भिंतीला चिकटवलेली होती.

ती नोटीस टाईप केली होती मर्ल हॅनफर्डने. मर्ल तेव्हा एकोणीस वर्षांची, कार्यालयात नुकतीच लागलेली. समोर ठेवतील ते टाईप करायचे, एवढेच तिचे काम.

जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका कडाक्याच्या सकाळी एल्वा मिलर आपल्या थोरल्या मुलीला, रूबीला, घेऊन आली. पाऊस तिरपा येत होता. ताडपत्री फडफडत होती. रूबी कळा देत होती आणि एल्वा माझ्यावर बसून मुठी आवळत होती. डॉक्टरांना निरोप गेला, पण उशिरा. बाळ जन्मले, दोनदा रडले आणि दुपारपर्यंत गारठून दगावले.

मर्ल त्या वेळी मागच्या दारात उभी होती. ती पुढे आली नाही आणि आतही गेली नाही. मी लाकडाचा, मला हलता येत नव्हते. तिला का हलता आले नाही, हे मला तेव्हा कळले नाही.

वर्षे गेली. मर्ल टायपिस्टची हेडक्लार्क झाली. रुग्णालयाची खडान्‌खडा माहिती तिच्याइतकी कुणालाच नव्हती. जुने व्यवस्थापक निवृत्त झाले, तेव्हा समितीने बरीच खळखळ करून तिला त्यांच्या खुर्चीवर बसवले. पहिल्याच सकाळी तिने भिंतीवरची नोटीस फाडली. मग माळ्याला हाक मारली आणि दोघांनी मला उचलून थेट दर्शनी दालनात आणून ठेवले.

समितीचे अध्यक्ष स्टॅन्ली रोच दारातच अडखळले. "मर्ल, पहिल्याच दिवशी? लोक काय म्हणतील?"

"बसायला जागा नाही असं तरी म्हणणार नाहीत," मर्ल म्हणाली. "आणि ताडपत्रीमागच्या खाटाही आजच आत येताहेत."

पण मित्रांनो, मला हलवले म्हणून सारे बदलले असे समजू नका. तीन आठवडे माझ्यावर कुणी बसले नाही. गावातल्या बायका मला वळसा घालून खुर्च्यांकडे जात. वस्तीतले लोक सवयीने मागच्याच दाराशी उभे राहत. मर्ल रोज जाऊन त्यांना आत बोलावी. ते मान हलवत आणि तिथेच थांबत.

एक दिवस एल्वा आली. तिचे गुडघे सुजले होते. पुढच्या दाराने आली, दालनभर नजर फिरवली आणि माझ्यावर बसली. मर्ल आपल्या खोलीतून उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"एल्वामावशी," ती म्हणाली, "ती नोटीस मी टाईप केली होती."

"ठाऊक आहे मला," एल्वा म्हणाली. "तुझ्या मशीनचा आवाज मागेपर्यंत यायचा."

मर्ल रडू लागली. एल्वाने तिची समजूत काढली नाही. तिचे रडणे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाली, "माफी राहू दे तुझ्यापाशी. माझी धाकटी, नोरीन, नर्स व्हायचं म्हणते. तिला शिकव. पण झाडू हातात देऊन नव्हे."

मर्लने तो शब्द पाळला. समितीतले दोघे राजीनामा देऊन गेले, तिने त्यांना अडवले नाही. नोरीन शिकली, शहरात जाऊन परीक्षा देऊन आली. पुढच्या वीस वर्षांत सहाच्या तीस खाटा झाल्या. क्ष-किरणांचे यंत्र आले, वृद्धांसाठी वेगळी इमारत उठली. पण मर्लने सर्वांत आधी बांधून घेतला तो प्रसूतिकक्ष, जाड भिंतींचा आणि उबदार. त्याची प्रमुख पुढे नोरीनच झाली. रूबी मात्र या इमारतीत पुन्हा कधी आली नाही. मर्लनेही तिला कधी बोलावले नाही.

नंतर दालनात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी बागेच्या शेडमध्ये गेलो. माझा एक पाय कुजला. मर्लही थकली, निवृत्त झाली आणि शेवटी त्याच वृद्धांच्या इमारतीत राहायला आली. नोरीनने मला शोधून काढले, पाय बदलून घेतला आणि मर्लच्या खिडकीखाली ठेवले. दुपारी दोघी माझ्यावर बसत. मर्लला आता माणसांची नावे आठवत नसत. एकदा तिने नोरीनला विचारले, "त्या बाईला आत घेतलं का?"

"घेतलं," नोरीन म्हणाली आणि तिच्या गुडघ्यांवर शाल नीट केली.

त्याच हिवाळ्यात मर्ल गेली.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. मला उन्हापावसापासून जपा, वर्षाकाठी थोडे तेल लावा, एवढे पुरे. पण रुग्णालयात गेलात आणि कुणी दाराबाहेर मुकाट उभे दिसले, तर थोडे सरकून बसा आणि त्याला आत बोलावा. तो लगेच येणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावा.